चाफ्यावरच्या काचांची वाटणी

मी, श्रीमती सुमित्रा गोपीनाथ शिरढोणकर, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा घरकाम व बागकाम, राहणार इंद्रपुरी, भोपाळ, हे मृत्युपत्र आज दिनांक २० जानेवारी २०२५ रोजी राजीखुशीनं, स्वतःच्या हातानं लिहायला घेत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला शंभरातून सात सात वजा करत जायला सांगितलं. मी दोनवर येऊन थांबले आणि विचारलं, "आता पुढे काय करू?" त्यांनी हसून सही केली.

माझ्यावर कोणाचं दडपण नाही. असलंच तर एकोणीस वर्षांपूर्वीच्या एका सकाळचं आहे. ते कलम सातमध्ये येईल.

माझी शाळा उज्जैनला चौथीपर्यंत झाली. पुढचं सगळं मी रद्दीतली मासिकं, यजमानांच्या कारखान्याच्या नोटिसा आणि मराठी मंडळाचं वाचनालय यांच्याकडून शिकले. मृत्युपत्र कसं लिहावं तेही पुस्तकातूनच शिकले. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की ज्याला काही मिळणार आहे त्यानं साक्षीदार म्हणून सही करू नये. म्हणून खाली दोघंच साक्षीदार आहेत आणि दोघांनाही माझ्याकडून तिळगुळापलीकडे काही मिळणार नाही.

कलम १. यापूर्वी, यजमान गेल्याच्या दुसऱ्या वर्षी, मी एक मृत्युपत्र केलं होतं. त्यात हे घर थोरल्या मुलाच्या नावे लिहिलं होतं. ते आजपासून रद्द. त्याची प्रत कोणाजवळ असेल तर फाडून टाकावी किंवा मागच्या कोऱ्या बाजूवर वाणसामानाची यादी करावी.

कलम २. इंद्रपुरीतलं राहतं घर, पुढची बाग, मागचं अंगण आणि पाण्याची टाकी ही माझ्या नावावरची स्थावर मिळकत मी माझी धाकटी सून मीना जयंत शिरढोणकर हिला देत आहे. माझा धाकटा मुलगा जयंत ऑगस्ट २००६ मध्ये होशंगाबाद रोडवर ट्रकच्या धडकेत गेला. त्या दोघांना मूल नाही. तेव्हापासून मीना शाळेत शिकवते, घर चालवते आणि मला सांभाळते. माहेरी परत जा असं तिला तिघांनी सांगितलं होतं. ती गेली नाही, आणि का गेली नाही ते मी तिला कधी विचारलं नाही.

माझा थोरला मुलगा श्रीकांत पुण्याला असतो. गेल्या दिवाळीत तो म्हणाला, "आई, बिल्डर इथे चार मजले काढतोय. तळमजला तुझा. तुला बाग हवी तर गच्चीवर कुंड्या ठेवू."

मी म्हटलं, "चाफा कुंडीत मावेल का?"

"आई, झाडासाठी कोणी घर अडवतं का?"

श्रीकांता, मी झाडासाठी घर अडवलेलं नाही. घर कोणाला द्यायचं ते ठरवलं आहे, एवढंच. तू चांगला मुलगा आहेस, दर रविवारी फोन करतोस आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी माझ्याआधी करतोस. पण तुला घर आहे. मीनाला या घराशिवाय दुसरं नाही, आणि या घरानं तिचं एक देणं ठेवलं आहे.

घर देताना मी अट घालत नाही. बाग ठेवावी, मोडावी, चाफा तोडावा, सगळं मीनाच्या मर्जीवर.

कलम ३. बँकेतल्या ठेवी आणि पोस्टातलं जे काही आहे ते श्रीकांत आणि माझी मुलगी उषा (राहणार कोटरा सुल्तानाबाद, भोपाळ) यांनी निम्मं निम्मं घ्यावं. माझ्या पाटल्या उषाला. पितळी घंगाळ तिला लहानपणापासून हवं होतं, तेही तिचंच. त्याच घंगाळाचा कलम सातमध्ये उल्लेख आहे. तो वाचल्यावर तिला ते नको झालं तर मला वाईट वाटणार नाही.

कलम ४. यजमानांची हत्यारं. ते कारखान्यात वाइंडिंग विभागात होते, म्हणजे मोठमोठ्या यंत्रांना तांब्याच्या तारेचे वेढे घालायचे. बत्तीस वर्षं त्या बोटांनी दुसरं काही केलं नाही. भंगारात निघालेली तार ते रीतसर गेटपास घेऊन घरी आणायचे. बागेतली एकेक काच त्या तारेनं आणि त्यांच्या लाल मुठीच्या पक्कडीनं टांगली गेली आहे. पक्कड आणि उरलेलं तारेचं भेंडोळं मीनाला. बाकीची पेटी श्रीकांतला. त्याला खिळा ठोकता येत नाही, पण वडिलांच्या पेटीचा वास त्याला आवडतो हे मला माहीत आहे.

कलम ५. आता काचा. हे कलम लांबेल, पण याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

लग्नानंतर एका वर्षानं, १९६४ साली, मी भोपाळला, पिपलानीतल्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आले. सगळी घरं एकसारखी, दारं एकसारखी, आणि माणसं देशभरातून आलेली. आमच्या ओळीत केरळचे होते, पंजाबचे होते, बंगालचे होते, आम्ही उज्जैनचे. कोणाचं आजोळ जवळ नाही, कोणाची कुलदेवता जवळ नाही. बाळंतपणं मात्र सगळ्यांची तिथेच.

कारखान्यात तेव्हा विलायती इंजिनियर असत. त्यांतल्या एकाच्या मेमसाहेब आम्हा बायकांना विणकाम शिकवायच्या. त्यांच्या बागेत एका खांबावर काचेचा गोळा होता, नारळाएवढा, हिरवट आणि आतून पारा लावलेला. त्यात अख्खी बाग, आभाळ आणि आपलं नाक सगळं एकदम दिसे. मी विचारलं, हा कशाला? त्या आपल्या हिंदीत म्हणाल्या, "बुरा औरत आता. इसमें अपना मुँह देखता. देखता रहता, देखता रहता. अंदर आना भूल जाता."

मी हसले नाही. आमच्याकडे दृष्ट काढतात, त्यांच्याकडे दृष्टीला आरसा दाखवतात, एवढाच फरक. १९६७ साली त्या मायदेशी परत निघाल्या तेव्हा गोळा माझ्या ओंजळीत ठेवून गेल्या. मी तो पेरूच्या झाडाला टांगला. चार वर्षांनी जयंत झाला, आणि पाचवीच्या दिवशी मी तो गोळा त्याच्या नावाचा केला.

मग जवाहर चौकातून बांगड्या भरायला येणाऱ्या रशीदा आपांनी तो पाहिला. त्या म्हणाल्या, "हमारे आँगन में अनार पे अम्मी रंगीन काँच बाँधती थीं. नज़र पहले चमक पे जाती है, बच्चे पे बाद में." दर खेपेला त्या जोड फुटून एकटी राहिलेली बांगडी मला देऊन जायच्या. "अकेली चूड़ी किसी कलाई की नहीं होती बिटिया, पेड़ को दे दो."

असं ते सुरू झालं. ओळीत मूल झालं की त्याच्या नावाची काच पेरूवर चढायची. कोणी औषधाची निळी बाटली आणली, कोणी जुन्या झुंबराचा लोलक, कोणी जाळीत बांधलेल्या गोट्या. कारखान्यातून बाद झालेली काचेची एक जाडजूड चकतीही आली, विजेच्या खांबावर असते तशी. बदली होऊन जाणारे लोक क्वार्टरमधलं काही नेऊ शकत नसत, झाडसुद्धा नाही. म्हणून जाताना ते आणखी एक काच टांगून जायचे, म्हणजे मागे काहीतरी राहिलं असं वाटे.

नियम माझा होता, तो नीट लिहिते. काच फुटली तर रडायचं नाही. जे येणार होतं ते काचेवर गेलं. तुकडे वेचायचे, मातीत पुरायचे, आणि ज्याच्या नावाची काच त्याला पोस्टकार्ड टाकायचं: तुमची काच फुटली, आता निर्धास्त राहा. अशी अकरा कार्डं मी टाकली. त्रिवेंद्रमहून एका बाईचं उलटटपाली उत्तर आलं की मुलगा जिन्यावरून पडला पण खरचटलंसुद्धा नाही. मग काय, माझा नियम अख्ख्या ओळीत पक्का झाला.

यजमान १९९६ साली निवृत्त झाले तेव्हा झाडावर एकसष्ट काचा होत्या. टेंपोत हिसके बसतील म्हणून यजमानांनी त्या आपल्या जुन्या खाकी कपड्यांत गुंडाळल्या, हातगाडीवर ठेवल्या आणि पिपलानीहून इंद्रपुरीपर्यंत गाडीसोबत चालत आले. वाटेत कोणीतरी विचारलं, "शिरढोणकर, काय नेताय?" ते म्हणाले, "आमची ओळ."

इथे आल्यावर त्या चाफ्यावर चढल्या. थंडीत चाफ्याची पानं झडतात, तेव्हा झाडाला काचाच काचा लागल्यासारख्या दिसतात.

या काचांची वाटणी अशी: ज्याच्या नावाची काच, त्याची. यादी निळ्या वहीत आहे. कोणी न्यायला आलं तर मीनानं खुशाल द्यावी. नाही आलं तर तिथेच राहू द्यावी.

कलम ६. फाटकाला टांगलेली निळीच्या पाण्याची बाटली श्री. अशोक सबनीस यांना. हे पिपलानीतही आमचे शेजारी होते आणि नशिबानं इथेही आहेत. १९८१ साली यांनी अर्ज केला की आमच्या झाडावर अनधिकृत वस्तू आहेत. मला नोटीस आली. मी उत्तर लिहिलं की वस्तू नाहीत, मुलं आहेत, आणि त्यांतली दोन अर्जदारांचीच आहेत. पुढे कोणी काही विचारलं नाही. निळं पाणी पाहून कुत्री फाटकाशी येत नाहीत असं भोपाळभर मानतात. सबनिसांचा मोती दहा वर्षं रोज सकाळी त्याच बाटलीवर पाय वर करत आला. बाटली त्यांनी घ्यावी, म्हणजे मोतीला लांब जावं लागणार नाही. नोटिशीचा राग मी इथे सोडते.

कलम ७. हे कलम लिहिण्यासाठी बाकीचं मृत्युपत्र लिहिलं आहे.

१४ जानेवारी २००६, संक्रांत. दुपारी हळदीकुंकू होतं, जुन्या ओळीतल्या पंधरा-सोळा जणी येणार होत्या. दर संक्रांतीला मी जयंतच्या नावाचा तो गोळा उतरवून रिठ्याच्या गार पाण्यानं धुवायची. त्या वर्षी थंडी फार होती. गोळा रात्रभर दवात गारठलेला, आणि माझी बोटंही. पितळी घंगाळात आंघोळीचं कढत पाणी होतं. मी विचार केला नाही. गोळा सरळ त्यात बुडवला.

टिक असा आवाज झाला. गळ्यापासून पोटापर्यंत केसासारखा तडा गेला.

घरात कोणी उठलं नव्हतं. मी गोळा पुसला, तारेत अडकवला, आणि तडा कंपाउंडच्या भिंतीकडे फिरवून ठेवला. सणाच्या दिवशी पोराच्या नावाची काच आईच्या हातून गेली, हे मला बोलवेना. उद्या सांगू, असं मनात म्हटलं.

दुपारी बायका झाडाखाली बसल्या होत्या. उषा मीनाला म्हणाली, "काढ गं मीना तो गोळा, मंदाकिनीकाकूंच्या नव्या सुनेला दाखव. आमच्या जयंताचा आहे म्हणावं!" मी हातात तिळगुळाचं ताट घेऊन तिथेच उभी होते. थांब, एवढाच शब्द बोलायचा होता. तो मी बोलले नाही. मीनानं दोन्ही हात वर केले, गोळा धरला, आणि त्याचे दोन भाग झाले. तिचा डावा तळहात चिरला. हिरव्या साडीवर रक्त पडलं.

उषा ओरडली, "अगं, जरा बघून धरावं की नाही! त्याच्या नावाचा होता तो!"

मीना म्हणाली, "ताई, मी नुसता हात लावला हो."

मी म्हटलं, "जाऊ दे, आलं ते काचेवर गेलं." नियमच तसा होता. सगळ्या गप्प बसल्या, आणि मीही त्या नियमाच्या आड बसले.

सात महिन्यांनी जयंत गेला.

आता पंचाईत अशी की माझ्या नियमाप्रमाणे काच फुटली म्हणजे संकट टळलं. मग मुलगा गेला कसा? एकतर नियम खोटा म्हणायचा, नाहीतर हात अपशकुनी म्हणायचा. तेराव्याला उषा भर माणसांत म्हणाली, "ज्या हातानं गोळा फोडला त्या हातानं पुन्हा झाडाला शिवू नकोस." आणि मी, जिच्या हातानं तो फुटला होता, मान खाली घालून बसले.

तेव्हापासून मीना चाफ्याला हात लावत नाही. पाणी घालते तेही लांबून, पाइपानं. संक्रांतीला तिळगूळ तीच करते, पण बायका झाडाखाली असेपर्यंत ओट्यापाशी उभी असते. यजमान गेल्यावर मी स्वतः हळदीकुंकवाचं नाव बदलून 'तिळगुळाची बैठक' केलं, म्हणजे मला बसता यावं. तिच्यासाठी मला काही बदलता आलं नाही. तिला काय वाटतं ते मी एकदाच ऐकलं. तापात बरळत होती, "हलका धरायला हवा होता."

म्हणून मी लिहून ठेवते: गोळा मीनाच्या हातून फुटला नाही. तो त्या दिवशी सकाळीच माझ्या हातून फुटला होता. आणि जयंत ट्रकनं गेला, काचेनं नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांची होईपर्यंत मला हे एक वाक्य लिहिता येत नव्हतं.

कलम ८. गोळ्याचे दोन्ही भाग मी पुरले नाहीत. यजमानांच्या बिस्किटाच्या डब्यात कापसात आहेत. दोन्ही मीनाला. हे मृत्युपत्र बंद पाकिटात श्री. विश्वनाथ मुळ्ये यांच्याकडे राहील आणि माझ्या मृत्यूनंतर दहाव्या दिवशी सर्वांसमोर वाचलं जाईल.

कलम ९. (२६ जानेवारी) कलम आठमधलं पाकिटाचं वाक्य रद्द.

समोरचे विश्वनाथराव मुळ्ये कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते, नजरेखालून गेल्याशिवाय कागद घेत नाहीत. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "वहिनी, पाकीट मी जपेन. पण तुम्ही गेल्यावर लोक म्हणतील म्हातारीला शेवटी भ्रम झाला होता. किंवा म्हणतील सुनेनं घरासाठी लिहून घेतलं. तेव्हा मीनाला कोण सोडवणार? तुम्ही तर फोटोत असाल."

मी त्यांच्यावर चिडले. घरी येऊन भाजी निवडली, ती पुन्हा निवडली. मग मीनाला बोलावलं आणि कलम दोनपासून आठपर्यंत वाचून दाखवलं.

तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. वाचून झाल्यावर आपला डावा तळहात उलटासुलटा करून बघितला, उठली आणि खोलीत गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढत होती, औषध देत होती, बोलत नव्हती. मला वाटलं होतं ती रडेल आणि मग मी तिला जवळ घेईन. असलं काही झालं नाही, आणि का व्हावं?

तिसऱ्या दिवशी चहा ठेवताना म्हणाली, "आई, घर नाही दिलंत तरी चालेल. हे उषाताईंसमोर वाचा. झाडाखाली वाचा. ज्या बायका तेव्हा होत्या, त्यांतल्या जितक्या आहेत तितक्यांसमोर. आणि तुम्ही वाचा. मुळ्येकाका नकोत."

मी म्हटलं, "घरही देणार आणि वाचणारही."

"आधी वाचा," ती म्हणाली.

म्हणून ठरलं: रथसप्तमीला हे मृत्युपत्र मी स्वतः मोठ्यानं वाचेन आणि त्यानंतरच त्यावर सही करेन. श्रीकांतला फोन केला. तो म्हणाला, "आई, घरातली गोष्ट चारचौघांत कशाला?" मी म्हटलं, "चारचौघांतच झाली होती." तो रात्रीच्या गाडीनं येतो आहे.

कलम १०. (रथसप्तमी, दिनांक ४ फेब्रुवारी. वाचन झाल्यावर आणि सहीच्या आधी, झाडाखालच्या टेबलावर लिहिलं.)

त्या दिवशीच्या सोळा जणींपैकी सहा आल्या. तिघी आता नाहीत, बाकीच्या मुलांकडे दूर गेल्या. मी बसून वाचायला घेतलं, मग उभी राहिले. कलम सात अर्ध्यावर सोडून पाणी प्यायले, मग ते पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.

उषा उठून माझ्यासमोर आली. "मग तेराव्याला मला बोलू का दिलंस? आई, माझ्या तोंडून का काढलंस ते?"

ते इथे लिहून ठेवते. उषा जे बोलली ते माझ्या गप्प बसण्यामुळे बोलली. तिचा अपराध निम्म्याहून कमी आहे. घंगाळ तिला अजून हवं आहे का, ते मी विचारलं नाही.

मग ती मीनाकडे वळली आणि काही बोलणार होती. मीना म्हणाली, "ताई, आज नको. आज फक्त ऐकलंत ना, पुरे." तिनं उषाला माफ केलं की नाही ते मला माहीत नाही, मला केलं की नाही तेही माहीत नाही. विचारायचा हक्क मी कलम सातमध्ये घालवला आहे.

श्रीकांत घराबद्दल काही बोलला नाही. त्यानं स्टूल आणून चाफ्याखाली ठेवलं आणि ते धरून उभा राहिला.

मीनानं बिस्किटाचा डबा आणला. गोळ्याचा मोठा भाग घेतला, लाल मुठीची पक्कड मागितली, आणि एकोणीस वर्षांनी त्या झाडाला हात लावायला स्टुलावर चढली. जुन्या तारेचा फासा फांदीवर तसाच होता. तिनं तो सरळ केला, काच अडकवली आणि दोन वेढे घातले. यजमान घालायचे तितके सफाईदार नाहीत, पण घट्ट. फुटकी कड आधी भिंतीकडे गेली होती.

मी खालून म्हटलं, "मीना, असू दे तशीच."

"नाही आई," ती म्हणाली, आणि काच फिरवून फुटकी कड तिनं फाटकाकडे केली.

हे मृत्युपत्र मी वाचलं, सर्वांनी ऐकलं. यातलं प्रत्येक कलम माझ्या इच्छेनुसार आहे. सही करत आहे.

सुमित्रा गोपीनाथ शिरढोणकर

साक्षीदार १. विश्वनाथ दत्तात्रय मुळ्ये, इंद्रपुरी. वहिनींनी माझ्यासमोर सही केली. हात थरथरत नव्हता.

साक्षीदार २. मंदाकिनी केशव ओगले, पूर्वी पिपलानी. सुमित्रानं माझ्यासमोर सही केली. २००६ सालच्या संक्रांतीलाही मी इथेच बसले होते, आणि तेराव्यालाही. मीही काही बोलले नव्हते, तेही या कागदावर असावं.

स्थळ: इंद्रपुरी, भोपाळ, चाफ्याखाली.
दिनांक: ४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार.

मीना जयंत शिरढोणकर हजर होती. ती लाभार्थी असल्यामुळे तिची सही घेतलेली नाही.